परवाना दर्शनी भागात लावावा

३ जून

ती. दादास,

नमस्कार. साष्टांग गृहीत धर, गुडघे दुखतात.

तुमच्या परवाना कार्यालयाचं पत्र काल मिळालं. आधी दारात उभी राहून वाचलं, मग बसून वाचलं, मग शेजारच्या शिंपीणबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. मला वाटलं, माझीच समजूत चुकत असेल. त्यांचीही तीच समजूत झाली.

त्यात लिहिलंय की माझ्या अनुभवाच्या दाखल्यावर परवानाधारकाची सही नाही, सबब परवानाधारकाने कार्यालयात समक्ष हजर राहून सही करावी. परवानाधारक म्हणजे आमचे हे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हा तू आठवडाभर आमच्याकडे होतास, माझ्यापेक्षा जास्त रडलास. आता तुमचं कार्यालय त्यांना हजर राहायला सांगतंय, आणि वर लिहितंय, येताना ओळखपत्र आणावे. हे असलं लिहिणारा महाभाग कोण आहे, मला त्याचं तोंड एकदा बघायचंय.

दादा, गंमत बाजूला ठेव. भांडीवाल्याच्या दुकानात वायर पेटली तेव्हापासून इथल्या बाजाराने धसका घेतलाय. सगळ्या दुकानांचं वायरिंग नव्याने करायचं ठरलंय. बाजाराचे अध्यक्ष कापडवाले मला म्हणाले, "बेबीताई, तुम्ही आणि तुमचे हे, दोघांनी माझ्या घरातला एकेक दिवा लावलाय. काम तुम्हालाच द्यायचं. पण विमा कंपनी म्हणते, लायसनवालाच पाहिजे." माझ्याकडे अनुभव आहे, पक्कड आहे, शिडी आहे. लायसन नाही. ते ह्यांच्या नावावर होतं आणि ह्यांच्याबरोबर गेलं. दुकानाच्या पाटीवर अजून त्यांचाच नंबर आहे, तीही उतरवा असं तुमचं दुसरं पत्र आलंय. हे काम हातचं गेलं तर मी जन्मभर लोकांचे पंखे पुसत बसणार. मला हे काम पाहिजे आणि पाटीवर माझा नंबर पाहिजे. एवढंच.

फोन केला तर तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

तुझी,
बेबी

---

११ जून

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

फोन मी मुद्दामच उचलत नाही. अर्जदाराने अधिकाऱ्याशी तोंडी संपर्क साधू नये, काय ते लेखी कळवावे, असा नियम आहे. पत्र हे लेखी असल्यामुळे चालते.

तुला ज्याचं तोंड बघायचं आहे तो महाभाग मीच. एप्रिलपासून तुमच्या भागाचे अर्ज माझ्या टेबलावर येतात. तू सख्खी बहीण असतीस तर तुझा अर्ज मला दुसऱ्याकडे द्यावा लागला असता. मावसबहिणीबद्दल नियम गप्प आहे. पण उद्या कुणी म्हणू नये की साहेबांनी नात्यातलं माणूस पुढे काढलं. म्हणून इतरांच्या अर्जावर मी एक आक्षेप काढतो, तुझ्यावर तीन काढले. तुला खरं तर याचा अभिमान वाटायला हवा.

पहिला आक्षेप तुला कळला आहे. दुसरा, फोटोत अर्जदार हसत आहे आणि दात दिसतात. तिसरा, वायरमनच्या अर्जात बाई बसते का, याचं मार्गदर्शन मी वरून मागवलं आहे. ते आलं की बघू.

मार्ग सांगतो. दुसऱ्या एखाद्या हयात परवानाधारकाकडून अनुभवाचा दाखला घे. तुमच्याच बाजारात एक गृहस्थ आहेत. काय ते कपडे, काय ती बोलण्याची पद्धत. त्यांची तोंडी परीक्षा मीच घेतली होती. विचारलं, भिंतीतून वायर कशी न्यावी? म्हणाले, कोपऱ्यातून सरळ वर आणि छताखालून आडवी, भिंतीच्या मधून तिरपी कदापि नेऊ नये. पोटकलमासकट सांगितलं. मी इतकी वर्षं परीक्षा घेतोय, असं उत्तर ऐकलं नव्हतं.

तब्येतीला जप. दात दिसणार नाहीत असा फोटो काढ.

तुझा,
दादा

---

२० जून

ती. दादास,

अभिमान वाटावा म्हणून दोन दिवस वाट पाहिली. वाटला नाही.

तुझ्या त्या गृहस्थांना आमच्याकडे सगळे कडकइस्त्री म्हणतात. शर्टाची घडी मोडायला नको म्हणून ते खाली वाकत नाहीत, मग स्विचबोर्ड जमिनीजवळ असला की त्यांना दिसत नाही. त्यांच्या पाठ्यपुस्तकात काय आहे ते त्यांना तोंडपाठ असणारच, दुसरं काही करायला त्यांना वेळच वेळ असतो. आणि तिरपी वायर म्हणशील, तर ह्यांनी जन्मभर तिरपी नेली. वायर कमी लागते, भिंत कमी फोडावी लागते, दुकानदार खूश. पोटकलम लिहिणाऱ्याने कधी छिन्नी हातात धरली असती तर त्यानेही तिरपीच नेली असती.

असो. तू सांगितलंस म्हणून गेले दाखला मागायला. खुर्चीवर बसा म्हणाले नाहीत. म्हणाले, "बघू. आधी काम कसं करता ते बघू." बाजाराचं काम त्यांनाच मिळालं आहे. कापडवाल्यांनी मला ते सांगितलं तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते, कापडाचे ठाण मोजत होते. मला घरी येऊन रडू आलं, तुला सांगायला काय लाजायचं.

"बघू" म्हणजे काय ते तू विचारू नकोस. नियमात बसणारं उत्तर माझ्याजवळ नाही. सध्या मी रोज सकाळी बाजारात जाते आणि संध्याकाळी येते. भाजी आणायला.

सोबत नवीन फोटो. यात मी हसत नाहीये. तुझं पत्र वाचून लगेच काढला.

बेबी

---

२ ऑगस्ट

चि. बेबीस आशीर्वाद.

आनंदाची बातमी. तुमच्या बाजाराच्या कामाचा तपासणी अहवाल आला. तपासनीस लिहितो की सांधे इतके नेटके आणि जोडणी इतकी स्वच्छ त्याने आजवर पाहिली नाही. भिंतीच्या आत काय आहे ते दिसत नाही, पण बाहेर आहे ते पाहून आत काय असेल याची कल्पना येते, असं त्याने स्वतःहून लिहिलं आहे. मी ते वाक्य कार्यालयात सगळ्यांना वाचून दाखवलं. परवाना योग्य माणसाला दिला की काय होतं ते बघ. तू त्यांच्या हाताखाली थोडं शिकलीस तर तुझंही भलं होईल. तुझ्या यजमानांची पद्धत जुनी होती, वाईट वाटून घेऊ नकोस.

आणि दुसरी बातमी. उद्घाटनाला प्रमुख पाहुणा मी आहे. माझंच परिपत्रक आहे, "परवाना दर्शनी भागात लावावा, आणि एकदा लावल्यावर या कार्यालयाच्या लेखी परवानगीशिवाय काढू नये." त्याची पहिली अंमलबजावणी तुमच्या बाजारात. परवान्याला सोनेरी चौकट केली आहे. मुख्य दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर, मधोमध, मी स्वहस्ते खिळा ठोकणार.

एक विचारायचं होतं. तू रोज भाजी आणायला बाजारात जातेस, असं लिहिलं होतंस. एकटीला एवढी भाजी कशाला लागते? पाहुणे आहेत का?

दादा

---

९ ऑगस्ट

ती. दादास,

घाईत लिहिते. तू येऊ नकोस. उद्घाटनाला यायचंच असेल तर ये, जेव, माझ्याकडे राहा. पण खिळा ठोकायच्या भानगडीत पडू नकोस. ठोकायचाच असेल तर दाराच्या लाकडी चौकटीवर ठोक. समोरची भिंत ओली आहे. रंग ताजा आहे. तुझा शर्ट खराब होईल. कारण विचारू नकोस, ऐक माझं.

बेबी

---

२५ ऑगस्ट

चि. बेबीस,

हे पत्र मी सांगतो आहे आणि कारकून लिहून घेतो आहे. उजव्या अंगठ्याला पट्टी आहे; हातोडा मी डाव्या हाताने धरतो, लिहितो उजव्याने.

तुझं शेवटचं पत्र मी मत्सराचं समजलो, आणि झाल्या प्रकाराने ते खरं ठरलं. मी शिडीवर चढलो तेव्हा शिडी धरायला तू उभी. बाजारात इतकी माणसं असताना तूच का, हे मला कळलं नाही. परवानाधारकांनी स्वतः बोट ठेवून जागा दाखवली, "साहेब, इथे, अगदी मधोमध." मी हातोडा उचलला आणि तू सगळ्यांसमोर ओरडलीस, "दादा, तिथे नको." माझ्या निःपक्षपातीपणाचं त्या एका शब्दात मातेरं झालं. ते गृहस्थ तुला म्हणाले, "बाई, तुम्ही शिडी धरा." तर तू शिडी सोडून चालती झालीस. मी पडलो असतो तर?

दोन घाव बसले, खिळा आत गेला, आणि सगळा बाजार काळोखात. तिसरा घाव माझ्या अंगठ्यावर. माझं भाषण मी अंधारात केलं. समोर कोण आहे ते दिसत नव्हतं, नंतर समजलं की कुणीच नव्हतं.

परवानाधारकांचं म्हणणं, तू जळफळाटाने मेन स्विच बंद केलास. याबद्दल तू लेखी खुलासा करावास.

ता. क. कापडवाल्यांचा अर्ज आला आहे, परवान्याची चौकट भिंतीवरून काढू द्यावी म्हणून. कारण लिहिलं आहे, "दिवे लागत नाहीत." चौकटीचा आणि दिव्यांचा संबंध काय? आक्षेप काढून अर्ज परत पाठवला आहे.

दादा
(सांगेल तसे लिहिले. साहेबांचा अंगठा खरेच फार सुजला आहे, ताई. – कारकून)

---

२९ ऑगस्ट

ती. दादास,

लेखी खुलासा पाहिजे ना? घे. कारकुनाला म्हणावं, चहा पिऊन वाचायला बस.

मेन स्विच मीच बंद केला. धावत जाऊन, दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून.

बाजाराचं काम मी केलं आहे. सगळं. प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर छिन्नी मी चालवली, प्रत्येक सांधा मी बांधला. तुझ्या तपासनिसाला ज्याचं कौतुक वाटलं ते ह्यांनी शिकवलेलं काम आहे, ती जुनी पद्धत. ठरलं होतं असं की मी काम करायचं, नाव कडकइस्त्रीचं लागायचं आणि शेवटी तो मला अनुभवाचा दाखला देणार. "बघू" म्हणजे हे. तू अधिकारी, तुला सांगितलं असतं तर तुला कारवाई करावी लागली असती, आणि तू केली असतीस, मला पक्कं माहीत आहे. म्हणून भाजी. घरात वांगंसुद्धा नव्हतं, पाव खाऊन दिवस काढले.

त्या समोरच्या भिंतीतून सगळ्या बाजाराची मुख्य केबल गेली आहे. तिरपी. हो, तिरपीच नेली. कोपऱ्यातून नेली असती तर तुझा खिळा कोरड्या विटेत गेला असता. तेवढं पोटकलम बरोबर होतं, आणि मी ते हसण्यावारी नेलं. हे मी तुला एकदाच सांगणार, पुन्हा काढलंस तर याद राख.

पण मी कडकइस्त्रीला कागदावर काढून दिलं होतं, केबल कुठून कुठे जाते ते. घडी घालून त्याने खिशात ठेवलं. ती घडी अजून मोडली नसेल. ज्याच्या नावावर काम, त्याने सगळ्यांदेखत केबलवर बोट ठेवून सांगितलं, साहेब, इथे. आणि तू हातोडा उचललास. दादा, माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली. तुझ्या हातात लोखंडी खिळा, त्याच्या मागे अख्ख्या बाजाराची वीज. मला ओरडायचं होतं की तू मरशील, तोंडातून निघालं "तिथे नको". पुढचं बोलत बसले असते तर तोवर खिळा केबलपर्यंत गेला असता. म्हणून शिडी सोडली. शिडीवरून पडला असतास तर हाड मोडलं असतं, ते जोडता येतं.

पुढचं ऐक. तू गेल्यावर स्विच वर केला की ठप्पकन खाली. केबलमध्ये तुझा खिळा रुतलेला, वीज धरणार कशी? कडकइस्त्रीने आधी फ्यूज बदलले, मग वीज कंपनीला शिव्या घातल्या, मग माझ्यावर खापर फोडलं. मी म्हटलं, खिळा काढा, दिवे लागतील. कापडवाले म्हणाले, "ताई, खिळ्यावर परवाना आहे. परवाना काढायला परवानगी लागते." केली त्यांनी तुझ्याकडे मागणी, ती तू परत धाडलीस. बाजार मेणबत्त्यांवर चालला होता. लोक काळं कापड निळं समजून घेऊन जायचे आणि दुसऱ्या दिवशी भांडायला यायचे. वर सोनेरी चौकटीत लायसन, आणि ते बघायला खाली टॉर्च.

शेवटी मीच गेले. कुणाला विचारलं नाही. तुझं परिपत्रक म्हणतं, परवाना काढू नये. मी परवान्याला हात लावला नाही. वरच्या तुळईवरून दोरी सोडून चौकट दोरीला टांगली, जागच्या जागी, आणि मागचा खिळा उपटला. खिळ्याबद्दल नियम गप्प आहे. केबलचा तुकडा बदलला, या वेळी कोपऱ्यातून नेला, आणि स्विच वर केला. सगळा बाजार उजळला. भांडीवाल्याने रस्त्यावर येऊन टाळ्या वाजवल्या. कडकइस्त्री त्याच वेळी पोचला आणि म्हणाला, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

दाखला मागितला. म्हणाला, "समारंभात माझी अब्रू घालवलीत, आता कसला दाखला?"

खुलासा संपला. आता तू काय ती कारवाई कर.

बेबी

---

२१ सप्टेंबर

बेबी,

हे मी स्वतः लिहितो आहे, चार बोटांनी. अक्षर लावून घे.

तुझं पत्र कारकुनाने वाचून दाखवलं. मधेच तो थांबला आणि मी त्याला पुढे वाच म्हटलं नाही. मग मी त्याला बाहेर पाठवलं आणि पुढचं मीच वाचलं.

तुझ्यावरचे तिन्ही आक्षेप मी काढून टाकले. बाईबद्दलचं मार्गदर्शन अजून आलेलं नाही, पण न येण्याबद्दल नियम काही म्हणत नाही. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं, "कामाची खात्री या अधिकाऱ्याने समक्ष केली आहे." आणि तुझ्या मंजुरीवर सही केली. तिरप्या केबलचा चौथा आक्षेप काढायला हात शिवशिवत होता. तू सांगितलंस म्हणून काढला नाही.

मंजुरी वरच्या कार्यालयातून परत आली. शेरा असा: "अधिकाऱ्याची सही नमुन्याशी जुळत नाही. सबब, सही करणारी व्यक्ती तीच असल्याबद्दल, तिला दीर्घकाळ ओळखणाऱ्या व्यक्तीचा दाखला फोटोसह सादर करावा. सख्खे नातेवाईक चालणार नाहीत." मी त्यांना पट्टी दाखवली. ते म्हणाले, पट्टी लेखी द्या. इतकी वर्षं मी ज्या माणसाबरोबर डबा खातो, त्याने हा शेरा लिहिला आहे. मला घरी जाऊन जेवण गेलं नाही.

मला इथे कोण ओळखतं असा विचार केला, तर त्याच्याखेरीज दीर्घकाळ कुणीच नाही. मावसबहिणीबद्दल नियम गप्प आहे. दाखला देशील का? तो मिळाला की तुझी मंजुरी सुटेल. फोटो सोबत जोडला आहे.

एक वाईट बातमी. मंजुरीनंतर तोंडी परीक्षा द्यावी लागेल, आणि त्यासाठी अनुभवी परवानाधारक म्हणून आमच्या मंडळावर नवीन सभासद घेतला आहे. बाजाराच्या कामाचा अहवाल पाहून वरच्यांनी निवडला. तुझे कडकइस्त्री. मी विरोध लेखी दिला, पण माझी सही जुळत नसल्यामुळे तो विचारात घेता येत नाही म्हणतात.

दादा

---

२६ सप्टेंबर

ती. दादास,

सोबत दाखला. तुझ्या अर्जावर मी एकच आक्षेप काढला आहे. इतरांवर तीन काढले असते, पण तू माझा भाऊ आहेस आणि मला नात्यातलं माणूस पुढे काढायला आवडतं. फोटोतला माणूस दात दाखवत नाही. मी ज्या दादाला ओळखते तो पेरूच्या झाडावरून पडला तेव्हासुद्धा हसत होता. हसरा फोटो काढून जोड, मगच दाखला पुढे पाठव.

दाखल्यात मी असं लिहिलंय: "सदर व्यक्ती हीच ती, याची मला खात्री आहे. बाजारात हिच्या हातात हातोडा दिसला तेव्हा काळोख मी याच माणसासाठी केला. दुसरा कुणी असता तरी स्विच खाली ओढला असता, पण रडत ओढला नसता." त्यांना जास्त वाटलं तर शेवटचं वाक्य खोडू देत. तू मात्र वाचून ठेव.

ह्यांच्या नंबराची पाटी अजून उतरवलेली नाही. तिच्याखाली माझ्या नावाची पाटी रंगवून घेतली आहे, नंबराची जागा मोकळी ठेवून. कापडवाल्यांनी सांगितलंय, नंबर आला की बाजाराची देखभाल माझ्याकडे. या वेळी माझ्याकडे बघून बोलले.

आणि तोंडी परीक्षेचं वाईट वाटून घेऊ नकोस. कडकइस्त्रीला बसू दे मंडळावर. तारीख कळव, मी येते. ज्या खोलीत परीक्षा असेल तिथल्या भिंतीत वायर कुठून गेली आहे ते मला माहीत नाही, त्यालाही माहीत नसणार. तो मला पोटकलमं विचारील, मी उत्तरं देईन, कोपऱ्यातून सरळ वर आणि छताखालून आडवी, आता मलाही पाठ आहे. मग मी पिशवीतून तुझाच तो खिळा काढीन, जपून ठेवलाय, आणि हातोडा त्याच्या हातात देईन. त्याला म्हणेन, मंडळासमोर एक फोटोफ्रेम लावायची आहे. जागा तुम्हीच दाखवा, आणि या वेळी ठोकाही तुम्हीच. मेन स्विच कुठे आहे ते मी येताना दारातच बघून ठेवीन. ठोकण्याआधी त्याने तो बंद करायला सांगितला तर पास झाला.

तुझी,
बेबी